कुंपणावरची माणसं

रोबिया ओपा, म्हणजे आम्हा धाकट्यांच्या रोबियाताई, गल्लीत चित्र काढायला बसल्या की पहिली तक्रार तुर्सुनॉय खालाची असायची.

"हे काय काढलंयस? हे नाक आहे की वांगं?"

"नाक तुमचंच आहे, खाला. मी फक्त कागदावर उतरवलं."

"मग माझ्याकडेच ठेवायचं होतंस. कागदाला कशाला ओझं? आणि दात असे काळे का? अगं, सोन्याचे आहेत ते! शहरात जाऊन बसवून घेतलेत."

"शाईत सोनं काळंच दिसतं."

"मग शाई बदल!"

एवढं बोलून खाला रुमालाच्या गाठीतल्या सूर्यफुलाच्या बिया काढायची, अर्ध्या ओपांच्या ओंजळीत ओतायची आणि पुन्हा तशीच, नाक किंचित वर करून, बाकावर बसायची. चित्र पुरतं होईपर्यंत हलायची नाही.

आमच्या गल्लीचं नाव तरोकची, म्हणजे कंगवेवाले. कंगवे करणारा शेवटचा म्हातारा मीसुद्धा पाहिलेला नाही. नाव तेवढं राहिलं होतं. मातीच्या भिंती, मधून वाहणारा पाट, पाटाच्या कडेला तुतीची झाडं आणि दारोदार बसायला एकेक बाक. माझं शिलाईचं मशीन खिडकीशी होतं. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या घरी सून रुसली, हे मला कुणाला विचारावं लागायचं नाही.

रोबिया ओपांचं घर गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून होतं. त्यांच्या वडिलांचं. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. नवरा कामासाठी रशियात गेला तो तिकडचाच झाला. तिकडे त्याला बायको आहे, मुलं आहेत, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि ओपांसमोर कुणी तोंडातून काढत नव्हतं. शाळा सुटली की त्या घडीचं स्टूल आणि कागदाचं पॅड घेऊन पाटाच्या कडेला बसत. आज हे दार, उद्या ते. भाजीच्या गाडीशी घासाघीस करणाऱ्या बायका, गाढवावरून खाली न उतरता चहा पिणारा दूधवाला, आपल्या तंदूरात खांद्यापर्यंत वाकलेला इक्रोम आका.

इक्रोम आका सम्सेवाला, तंदूरात भाजलेले सामोसे विकायचा. त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत एक केस नव्हता, भट्टीत हात घालून घालून सगळे जळलेले. त्याला चित्र काढून घ्यायची भारी हौस, पण कबूल करायचा नाही.

"रोबिया, पोट आत घे म्हणालो होतो ना?"

"तुमचं पोट, तुम्ही आत घ्या."

"मी घेतलं होतं. तू काढेपर्यंत दम संपला."

ओपांचा एक नेम होता. ज्याला काढायचं त्याला आधी विचारायचं, काढून झाल्यावर दाखवायचं आणि त्याला नको असेल तर कागद फाडून त्याच्याच हातात द्यायचा. प्रवासातही हा नेम त्यांनी मोडला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या एकट्या निघायच्या. शेअर टॅक्सीत मागच्या सीटवर दोन गलेलठ्ठ प्रवाशांच्या मध्ये दबून समरकंदला जायच्या, आगगाडीने बुखाऱ्याला जायच्या. परत आल्या की अंगणात चटई टाकून आम्हाला चित्रं दाखवायच्या. आम्ही कुठे जाणार? टरबुजांच्या राशीवर पालथे झोपलेले विक्रेते, स्टेशनवर गाठोड्यांना टेकून एकमेकींच्या वेण्या घालणाऱ्या बायका, बसथांब्यावर हातवारे करत भांडणारं जोडपं, हे सगळं जग आम्ही त्यांच्या अंगणात बसून पाहिलं.

एकदा ओशच्या बाजारात त्यांनी एका हमालाला काढलं. पाठीवर त्याच्याहून मोठं कपाट. दाखवल्यावर तो माणूस पांढराफटक पडला. म्हणाला, "ओपा, हे कुणाला दाखवू नका. घरी सांगितलंय की मी दुकान चालवतो." ओपांनी कागद फाडून दिला. त्याने तो चार घड्या करून टोपीत खोचला आणि कपाट उचलून निघून गेला.

"फार सुंदर झालं होतं," त्या मला म्हणाल्या. "पण जाऊ दे. परगावी काढणं सोपं असतं, सानोबर. आपण उठून येतो. इथे ज्याचं नाक आज काढलं, त्याच्याच दारावरून उद्या जायचं असतं."

गल्ली पाडणार अशी कुजबुज त्या सुमाराला सुरू झाली होती. शेजारची सावणगरांची, म्हणजे साबणवाल्यांची, गल्ली आदल्या वर्षी सपाट झाली होती आणि तिथे निळ्या काचांची इमारत उभी राहत होती. पट्टी घेऊन माणसं यायची, भिंतींवर लाल रंगाने आकडे टाकून जायची. विचारलं की म्हणायची, "नुसती मोजणी आहे."

त्याच दिवसांत संजरबेक आला. ओपांचा जुना विद्यार्थी. आता चांगला उंचापुरा, कोट घातलेला, बुटांना धूळ लागू न देता पाट ओलांडणारा. घरं बांधणाऱ्या एका कंपनीत मोठ्या जागेवर होता. दारातच त्याने छातीवर हात ठेवून मान लववली.

"मुअल्लिमा, ओळखलंत?"

"तू घोड्याला पाच पाय काढायचास."

"तोच!" तो खळखळून हसला. "आता चारच काढतो."

तो बराच वेळ बसला. एकेक चित्र हातात घेऊन पाहत होता आणि एखादं पुन्हा उचलत होता. ते नाटक नव्हतं असं ओपा शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, आणि मलाही तसंच वाटतं. मग म्हणाला, "मुअल्लिमा, ही गल्ली अशी आहे हे वरच्या लोकांना माहीतच नाही. त्यांच्या नकाशावर नुसते चौकोन आहेत. हे त्यांना दाखवायला हवं. आपण प्रदर्शन भरवू."

"दाखवून काय होईल?"

"डोळ्यांनी पाहिलं की माणूस विचार करतो. हे तुम्हीच शिकवलंत ना?"

ओपा त्याच संध्याकाळी दारोदार फिरल्या. सगळ्यांना विचारलं. चित्रं लावली, मोठ्या लोकांनी पाहिली, तर कदाचित गल्ली वाचेल. नको कोण म्हणणार? तुर्सुनॉय खालाने अट घातली, "माझं चांगलं नाक असलेलं लाव." इक्रोम आका म्हणाला, "माझं लावायचं तर दाराशी लाव. आत कोण जातं!"

प्रदर्शनाला अख्खी गल्ली नटून गेली. सांस्कृतिक भवनाच्या दालनात चित्रं काचेमागे टांगलेली, खाली प्रत्येकाचं नाव. खाला स्वतःच्या चित्रासमोर उभी राहिली आणि हलेना. अनोळखी लोक आधी चित्राकडे, मग तिच्याकडे पाहत आणि ती त्यांना मान झुकवून सलाम करत होती, जणू घर तिचं आणि पाहुणे आलेत. कचेरीतले साहेब आले, फीत कापली, भाषणं झाली. जिवंत गल्ली, आपली मुळं, आपली माणसं. शेवटी संजरबेकने ओपांना व्यासपीठावर नेलं आणि माइकमध्ये विचारलं, "मुअल्लिमा, ही चित्रं या शहराने आपली म्हणून वापरली तर चालेल ना?"

ओपांना भाषणाची सवय नव्हती. गाल लाल झाले होते. त्या म्हणाल्या, "ही शहराचीच आहेत. जिथे उपयोगी पडतील तिथे वापरा."

केवढ्या टाळ्या पडल्या! इक्रोम आकाने तर बोटं तोंडात घालून शिट्टी मारली आणि बायकोचा चिमटा खाल्ला.

हिवाळा सरताना संजरबेक पुन्हा आला. कंपनीतर्फे ओपांना खीव्याला पाठवायचं ठरलं होतं, महिनाभरासाठी, राहणं-जेवण सगळं त्यांचं. तिथल्या रस्त्यांची चित्रं काढायची, पुढचं प्रदर्शन त्याचं. शाळेतून रजाही त्यानेच मिळवून दिली. ओपा इतक्या हरखल्या की मला नवा अंगरखा शिवायला लावला, खिसे मोठे ठेव म्हणाल्या, पेनं मावायला हवीत. जायच्या दिवशी इक्रोम आकाने वाटेसाठी गरम सम्से कापडात बांधून दिले. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून खालाने पाठीमागे पाणी शिंपडलं.

त्यांची टॅक्सी दिसेनाशी झाली, त्याला आठवडाही झाला नसेल. नोटिसा आल्या. चार ओळींच्या. ज्यांनी विचारलं त्यांना उत्तर मिळालं की सगळं केव्हाच ठरलं आहे, बदल्यात फ्लॅट तयार आहेत, गाड्या दारात येतील. गाड्या खरंच दारात आल्या. माणसं मदतीला होती, आवाज न चढवता बोलत होती, म्हाताऱ्यांना हात धरून चढवत होती. भांडायला तोंडच सापडेना. इक्रोम आका तंदूरासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हा कसा उचलणार? हा जमिनीत आहे." एक मजूर जवळ आला, त्याने तंदूराला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "आका, अजून गरम आहे हो." बस. दुपारपर्यंत तंदूर मातीत मिसळला होता.

मी ओपांना फोन केला होता. लागला नाही. दुसऱ्यांदा लागला तेव्हा त्या रस्त्यावर कुठेतरी होत्या, मागे ढोलकी वाजत होती. मी म्हणाले, "ओपा, पाडताहेत." त्या म्हणाल्या, "काय? ऐकू येत नाही." मग लाइन तुटली. नंतर मी पुन्हा फोन केला नाही. माझं स्वतःचं घर ट्रकवर चढत होतं.

तिकडे खीव्यात त्यांनी काय काढलं ते त्यांनी मला पुढे सांगितलं. एका कोरीव दाराच्या पायरीवर एक म्हातारी चाती फिरवत बसलेली असायची. डोक्यावर मेंढीच्या केसांची मोठी टोपी. ओपांनी विचारलं, "काढू का?"

"काढा की. मला त्यासाठीच बसवलंय."

"म्हणजे?"

"घर माझं नाही. ही टोपीही दुकानाची. लोकर कातायला मला येतही नाही, नुसती फिरवते. मालक म्हणतो, दारात म्हातारी असली की गिऱ्हाईक थांबतं."

ओपांनी तिला काढलं आणि हसल्याही. त्यांना ती गंमत वाटली. रात्रीचं जेवण झकास मिळत होतं, पांघरूण उबदार होतं. माझा अर्धवट फोन त्यांनी मनावर घेतला होता, त्यांनी लगेच संजरबेकला विचारलंही. तो म्हणाला, "काही नाही, मुअल्लिमा. रस्त्याचं काम आहे. तुम्ही निवांत काम करा." त्या निवांत झाल्या.

नवरोजला, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाला, दहाएक दिवस असताना त्या परत आल्या. टॅक्सीवाल्याला म्हणाल्या, "तरोकचीला सोड." तो म्हणाला, "तरोकची कुठे आहे आता?"

त्यांचं घर होतं. तेवढंच होतं. भिंतींना ताजी माती लिंपलेली, दाराला नवं तेल लावलेलं. घराच्या कडेपासून पत्र्याचं उंच कुंपण सुरू होत होतं ते थेट सावणगरांच्या गल्लीच्या निळ्या इमारतीपर्यंत. कुंपणाच्या मागे यंत्रं घरघरत होती. आणि कुंपणावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, फ्लेक्स. त्यांचीच चित्रं. माणसाहून मोठी केलेली, वरून रंग भरलेले. तुर्सुनॉय खाला बिया सोलत बसलेली, सोन्याचे दात अगदी पिवळेधम्मक. इक्रोम आका तंदूरात वाकलेला. दूधवाला. भाजी घेणाऱ्या बायका. खिडकीत मशीनवर वाकलेली मी. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "जिवंत गल्ली. नवी घरं. नोंदणी सुरू."

आम्हाला मिळालेले फ्लॅट गावाबाहेर, कापसाच्या शेतांपलीकडे होते. ओपा दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे आल्या. अंगावर तोच मोठ्या खिशांचा अंगरखा. इमारतीखाली इक्रोम आका दिसला. लोखंडी पिंपाची भट्टी करता येते का ते बघत होता.

"या, या, मालकीणबाई!" तो म्हणाला. इतकी वर्षं तो त्यांना 'अगं रोबिया' म्हणायचा. "प्रवास सुखाचा झाला ना तुमचा? घरदार ठीक आहे ना? आमचं विचारू नका, आम्ही मजेत. तुम्हीच आम्हाला एवढं मोठं केलंत. पूर्वी मी गल्लीत होतो, आता हमरस्त्यावर आहे."

"आका, अल्लाची शपथ, मला ठाऊक नव्हतं."

"शपथ कशाला घेता? आम्ही तुम्हाला काही विचारलं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना वर तुर्सुनॉय खालाकडे घेऊन गेले. खाला चौथ्या मजल्यावर. गुडघे असे की, चढून गेली ती गेलीच, पुन्हा खाली उतरली नव्हती. सून शिकवायला जायची, मुलगा बाजारात. खाला दिवसभर खिडकीशी. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसायच्या.

"ये," खाला म्हणाली. बसायला गादी दिली. दस्तरखान पसरला, भाकरी मोडून ठेवली. दारात आलेल्याला परत पाठवणारी बाई नव्हती ती.

"कंपनीने खीवा दाखवला म्हणे तुला."

"खाला, मला फसवलं."

"असेल. घर राहिलं ना तुझं?"

"मी मागितलं नव्हतं."

"आम्ही काय आमचं पाडा म्हणून मागितलं होतं?" खालाचा आवाज चढला नाही. "एक ऐक, पोरी. जावई सांगत होता, माझ्या तोंडासमोर ट्रकवाले गाड्या उभ्या करतात. भिंतीशी उभे राहतात. समजलं ना तुला, कशाला उभे राहतात ते? मी आयुष्यभर माझ्या दारात बसले. रस्त्यावर नाही. तू विचारून काढलंस, मी हो म्हणाले, ते माझ्या दाराचं हो होतं. तिथून मला उतरव. दुसरं काही मागत नाही."

"उतरवते."

मग खालाने किटली उचलली आणि ओपांच्या प्याल्यात चहा ओतला. आमच्यात पाहुण्याला चहा थोडा थोडा ओततात, म्हणजे तो पुन्हा घेईल, बसणं लांबेल. खालाने प्याला काठोकाठ भरला. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. भरला प्याला म्हणजे प्या आणि उठा. ओपांनी तो दोन्ही हातांनी उचलला. तोंड भाजत असणार, पण एका दमात प्यायल्या आणि उठल्या. जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता.

तिथून त्या तडक कंपनीच्या कचेरीत गेल्या. संजरबेक खुर्चीतून उठला, छातीवर हात ठेवला, हिरवा चहा मागवला.

"मुअल्लिमा, पाहिलंत? कसं दिसतं? छपाई परदेशातून करून आणली."

"ती चित्रं काढ."

"का?"

"ती माणसं तिथे राहत नाहीत आता, संजर. तूच काढलंस त्यांना."

तो खरोखर दुखावला गेला. म्हणाला, "त्यांना घरं मिळालीत. पाणी, गॅस, संडास घरात. आणि तुमच्या घरासाठी मी किती भांडलो ते तुम्हाला माहीत नाही. सगळे म्हणत होते, एक कोपरा कशाला ठेवायचा? मी म्हणालो, इथे माझी शिक्षिका राहते. खाली चहाचं छोटं दुकान होईल, नाव 'चित्रकर्तीचं घर'. तुम्ही बाहेर स्टूल टाकून बसायचं, चित्रं काढायची. तुम्हाला हेच आवडतं ना?"

"कुणाची काढू?"

"येणाऱ्याजाणाऱ्यांची." तो समजुतीने हसला. "आणि चित्रं वापरा असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. मी तुमच्या शब्दाबाहेर गेलो का?"

हे सगळं मला त्यांनीच पुढे सांगितलं. तो शब्दाबाहेर गेलेला नव्हता.

नवरोजच्या आधी आमच्याकडे झाडांच्या बुंध्यांना चुना लावतात. त्या दिवसांत चुन्याची बादली घेऊन जाणाऱ्या बाईकडे कुणी बघत नाही. ओपा सकाळी दहाच्या सुमाराला बादली, लांब दांड्याचा कुंचा आणि घरातली शिडी घेऊन कुंपणाशी गेल्या. मी शिवलेले कपडे पोचवायला त्याच बाजूला आले होते म्हणून मला दिसलं. शिडी लावून त्यांनी सगळ्यात आधी खालाचा चेहरा पुसला. घाईने नाही. कपाळावरून सुरुवात करून हनुवटीपर्यंत, मग रुमाल, मग हात, हातातल्या बिया. चुना ओघळत होता तो कुंच्याने पुन्हा वर घेत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तुझं?"

"पुसा," मी म्हणाले.

त्यांनी मला पुसलं. मग दूधवाल्याला. लोक जमले. कुणीतरी फोनवर चित्रण करू लागला. एक बाई म्हणाली, "वेडी आहे का? एवढं छान होतं." चौकातला मुतालिब शिपाई आला. त्याचा धाकटा भाऊ ओपांच्याच वर्गात होता.

"ओपा, खाली उतरा. ही कुणाची चित्रं खराब करताय?"

"माझी."

"कुंपण कंपनीचं आहे."

"कुंपणाला मी हात लावत नाही. तोंडंच पुसते आहे."

मुतालिबने डोकं खाजवलं. त्याला काय करावं सुचेना, म्हणून तो शिडी धरून उभा राहिला, ओपा पडू नयेत म्हणून. अशा रीतीने त्या पुढे सरकत सरकत इक्रोम आकाच्या चित्रापाशी आल्या. कुंचा उचलला, तोच मागून आवाज आला.

"ए! त्याला हात लावायचा नाही!"

इक्रोम आका होता. पिंपाची भट्टी हातगाडीवर घालून तो कुंपणापाशी आला होता. तीन-चार दिवस रोज येत होता, आम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच पत्र्यामागे बांधकामावर शेकडो मजूर होते, त्यांना जेवायला काहीतरी लागायचं. गाडी तो बरोबर स्वतःच्या चित्राखाली लावायचा.

"आका, तुम्हीच म्हणालात ना..." ओपा शिडीवरून म्हणाल्या.

"मी काय म्हणालो ते सोड. लोक वर बघतात, खाली बघतात, म्हणतात, अरे हाच तो! आणि थांबतात. पिंपातल्या सम्शांना काय चव असणार? त्या तोंडावर खपताहेत ते. गल्ली गेली, तंदूर गेला, आता तू उरलंसुरलं तोंडपण घेणार का?"

"तुम्ही त्या दिवशी..."

"त्या दिवशी तुला लागावं म्हणून बोललो!" तो ओरडला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्यामुळे तो आणखी चिडला. "आज पोटासाठी बोलतोय. उतर खाली!"

ओपा शिडीवर तशाच थांबल्या. कुंच्यातून चुना त्यांच्या बाहीवर, मोठ्या खिशांवर ठिबकत होता. मग उतरल्या. इक्रोम आकाला त्यांनी पुसलं नाही. बादली तिथेच ठेवली. मुतालिबने हळूच विचारलं, "चौकीवर यावं लागेल, ओपा. बादली घेऊ का मी?"

चौकीवर फार काही झालं नाही. संजरबेकने स्वतः येऊन सोडवून नेलं आणि वर म्हणाला, "कलाकार आहेत, भावनेच्या भरात होतं." हे त्यांना कोठडीपेक्षा जास्त लागलं. पण पुसलेल्या तोंडांचं चित्रण सगळ्यांच्या फोनवर फिरलं आणि वरून कुणीतरी रागावलं असावं. चार दिवसांत कुंपणावरचे सगळे फ्लेक्स उतरले. त्यांच्या जागी दुसरे लागले. एक गोरंपान हसरं कुटुंब, सोफ्यावर, मांडीत एक कुत्रा. असलं कुटुंब आमच्या शहरात कुणी पाहिलेलं नव्हतं. इक्रोम आकाचं चित्रही गेलं. नंतर शिपायांनी त्याची गाडीही तिथे लावू दिली नाही, कारण नव्या फ्लेक्ससमोर धूर बरा दिसत नव्हता.

"बघितलंस?" तो मला म्हणाला. "आधी काढून घालवलं, मग पुसून घालवलं."

मी म्हणाले, "आका, तुमचं त्यांनी पुसलं नव्हतं."

"इतरांचं पुसलं म्हणूनच माझं गेलं ना?"

तो म्हणत होता ते खरंच होतं.

ओपांनी चहाचं दुकान होऊ दिलं नाही. घर सोडायला तयार झाल्या, पण दारात बसायला नाही. शाळेत त्यांच्याशी सगळे नीट बोलायचे, जरा जास्तच नीट. फ्लॅटवर त्या पुन्हा एकदाच आल्या. खालाला सांगायला, की उतरवलं. खाला झोपली आहे असं सुनेने दारातूनच सांगितलं. खाला झोपलेली नव्हती. आतून खोकल्याचा आवाज येत होता. ओपांनी तो ऐकला, "बरं, निजू दे," म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

उन्हाळ्यात त्या ओशला गेल्या, तिथल्या एका शाळेत जागा होती म्हणून. टॅक्सीच्या अड्ड्यावर मी त्यांना गाठलं. सामान फार नव्हतं. मी विचारलं, "तिथे काढणार का हो?" त्या म्हणाल्या, "मुलांना शिकवीन. सफरचंद, मडकं, सुरई. ते कुणाचं नसतं." टॅक्सीत तीन प्रवासी बसले होते आणि चौथ्याची वाट होती. चौथा आला. त्या मधल्या जागेवर सरकल्या आणि दार बंद झालं.

त्यांचं घर मग कोपऱ्यात एकटं उरलं. चित्रकर्तीच नाही तर तिचं घर कशाला, असं कंपनीला वाटलं असणार. शरद ऋतूत तेही पाडलं. गाड्या उभ्या करायला जागा हवी होती. मी बसमधून जाताना पाहिलं आणि संध्याकाळी इमारतीखाली बाकावर बसलेल्यांना सांगितलं. इक्रोम आका होता, आमच्या गल्लीतल्या दोन-तीन बायका होत्या.

ज्या घरावरून आम्ही ओपांना इतके महिने बोल लावले ते घरही आता नव्हतं, आणि बोल मागे घ्यायला त्या समोर नव्हत्या.

"म्हणजे तिलाही फसवलंच होतं म्हणायचं," एक बाई म्हणाली.

इक्रोम आका म्हणाला, "फसायचं होतं तर एकटीने फसायचं." पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

मग कुणीतरी विचारलं की तिसऱ्या मजल्यावर पाणी चढतंय का. नाही म्हणाले. दोन दिवस नव्हतं चढत. कुणाकडे तक्रार करायची यावर बोलणं सुरू झालं, आवाज वाढले, आणि अंधार पडायच्या आत आम्ही सगळे आपापल्या बादल्या आणायला उठलो.